हात न करणारी खांबआजी

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते, कारण आपल्याकडे मजकूर लांबला की त्यातला माणूस हरवतो. अन्याय झाला तो घाटमाथ्यावरच्या आमच्या वाडीतल्या खांबआजीवर. कधी झाला, तेही सांगते. गेल्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, कुंभार्ली घाट चढून मिरजेकडे जाणारी लाल गाडी आमच्या फाट्यावर आली तेव्हा. आली आणि गेली. थांबली नाही. गाडीत जागा होती. खिडक्यांना माणसं होती. ती माणसं बाहेर बघत होती, कारण त्या रस्त्यावर बाहेर बघण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांच्यापैकी काही जण आज हे वाचत असतील. वाचाच. तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

खांबआजी हे नाव तिला ड्रायव्हर लोकांनी दिलं. फाट्यावर पूर्वी एक लोखंडी खांब होता आणि खांबावर पाटी होती. तो खांब एके दिवशी भंगारात गेला. कुणी विकला ते अख्ख्या वाडीला माहीत आहे, पण तो माणूस पुढच्या वेळी पंचायतीला उभा राहणार आहे, म्हणून कुणाला काही आठवत नाही. खांब गेल्यावर आजी बरोबर त्याच जागेवर उभी राहू लागली. ताठ. डोक्यावर पदर, काखेत छत्री, पायाशी पिशवी. हलणं नाही, बोलणं नाही, गाडी दिसली म्हणून पुढे धावणं नाही. नव्या ड्रायव्हरला जुना ड्रायव्हर सांगायचा, "वळण सरलं की खांबापाशी थांबव."

"खांब कुटाय?"

"त्यो काय, लुगडं नेसलाय."

आजीच्या कानावर हे आलं तेव्हा तिला राग आला नाही. "बरं झालं," म्हणाली, "लोखंडाचा इकला. ह्यो कोण इकतंय बघू."

ती गाडीला कधी हात करत नसे. हा तिचा नेम होता. बाकीच्या बाया लांबून गाडी दिसली की पदर सावरत दोन्ही हात हलवायच्या, पोरं रस्त्यात आडवी उभी राहायची. आजी त्यांच्याकडे अशी बघायची, जशी आपण लग्नात दोनदा ताट वाढून घेणाऱ्याकडे बघतो. मी एकदा विचारलं, "आजी, हात केला तर झिजंल व्हय तुजा?" तर म्हणाली, "हात दोनदाच वर करायचा. देवाला जोडायला न्हाईतर कुणाला हाणायला. गाडी देव न्हाई, आन् हाणावं एवडी ती माजी कुणी लागत न्हाई."

मूळ भांडण पाटीशी होतं. त्या खांबावरच्या पाटीवर 'विनंती थांबा' असं लिहिलेलं होतं. शहरात राहणाऱ्यांना हे ठाऊक नसेल. काही थांब्यांवर गाडी आपणहून थांबते. काही थांब्यांवर माणसाने हात करून विनवायचं असतं, मग ड्रायव्हर मनावर घेतो. गावाकडची, डोंगरातली, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गावं बहुतेक या दुसऱ्या जातीत. आजीला वाचता येत नव्हतं. पाटी नवी लागली तेव्हा तिने शाळेतल्या बाईंकडून ती वाचून घेतली आणि बाईंनाच झापलं. "थांबा हाय का इनंती हाय, एक कायतरी ठरवा म्हणावं. थांबा असंल तर थांबा. इनंती करायची तर मी घरात बसून करीन की, हितवर कशाला येऊ?"

या ताठपणामागे तिचा नवरा होता. तो फौजेत होता. सुट्टीवर यायचा तेव्हा कपडे खाकी, ट्रंक काळी, आणि परत जाताना तो फाट्यावर नुसता उभा राहिला की जाणारी गाडी थांबायची. हात करावा लागत नसे. ड्रायव्हर खाली उतरून ट्रंक टपावर चढवायचा. आजी तेव्हा तरणी होती, मागे उभी राहून हे बघायची. पुढे तो गेला, ट्रंकेत आता गोधड्या आहेत. "त्यांच्यासाठी थांबायची," ती म्हणायची. "मग मी काय त्यांची कुणी न्हवं? त्यांनी तिकडं बंदूक धरली, म्या हितं नांगर धरला. थांबू दे की माज्यासाठीबी." हा हिशेब तिने एकटीने मांडला होता आणि वर्षानुवर्षं तो जमतही गेला, कारण त्या मार्गावरचे जुने ड्रायव्हर माणसं होते. त्यातला एक दुष्काळी म्हसवडचा होता, सगळे त्याला नाना म्हणत. तो तिला बघून वळणाआधीच गियर बदलायचा. "आवं आजी, लय पाणी हाय तुमच्या डोंगरात, चार कळश्या धाडा की आमच्या म्हसवडला," असं दर खेपेला म्हणायचा. आजी दर खेपेला म्हणायची, "गाडी लाव आन् भर. न्हाई कोण म्हनतंय?"

आता ती गाडीत बसून जायची कुठे, हे ऐका. महिन्यातून एकदा मिरजेला, डोळ्यांच्या दवाखान्यात. तिला काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा टिकवायचा. पण मिरजेची वारी नसेल त्या आठवड्यातही ती फाट्यावर दिसायची. दुपारची गाडी पकडून घाट उतरायची, खाली स्टँडवर एक चहा प्यायची आणि चढणाऱ्या गाडीने परत यायची. खाली तिचं कुणी नव्हतं. बाजार नाही, पाव्हणा नाही, देव नाही. ती डोंगर बघायला जायची.

वाडीतल्या शहाण्यांना हे फार झोंबलं. जिच्या घरामागे डोंगर आहे, जी त्याच डोंगरावरून साठेक पावसाळे सरपण वाहत होती, ती बाई गाडीत बसून डोंगर बघायला जाते म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असणार. मलाही नवल वाटायचं. एकदा तिच्यासोबत गेले. दरीकडची खिडकी तिने धरली होती, गज दोन्ही हातांनी पकडले होते. वळण आलं, खालचं खोरं एकदम उघडलं, लांबवर एकामागे एक निळे होत गेलेले कडे दिसले. ती म्हणाली, "डोंगरात व्हते तवा कवा डोंगर दिसला न्हाई गं. वर बघितलं की मोळी कलंडायची. खाली बघितलं तर पाय, न्हाईतर काटा. माणसानं डोंगर बघायचा तर गाडीत बसाय पायजे."



मिरजेच्या रस्त्याबद्दलही तिची मतं ठाम होती. कोयनेचं खोरं ओलांडून पाटण येईपर्यंत ती खिडकी सोडायची नाही. कराडच्या पुढे डोंगर मागे हटले की पदर तोंडावर ओढून झोपायची. सांगली जवळ आली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, की एक डोळा उघडून म्हणायची, "ह्या लोकांस्नी डोंगर न्हाई म्हणून ऊस लावत्यात. कायतरी उंच पायजे की डोळ्याम्होरं." मिरजेत उतरल्यावर रिक्षावाला, नर्स, केसपेपर काढणारी मुलगी, सगळ्यांना ती सकाळी घाटात धुकं होतं का ऊन होतं ते सांगायची. कुणी विचारलेलं नसायचं.

तिकीट तिला माफ होतं. म्हाताऱ्या माणसांना तिकीट माफ आहे. ही सवलत जाहीर झाली तेव्हा फलक लागले, फलकावर हसरी तोंडं छापली. हसऱ्या तोंडांपैकी कुणी पुढे गाडीत बसून बघितलं नाही की म्हातारी माणसं दिसली म्हणजे कंडक्टरचं तोंड कसं होतं. काहींचं चांगलं असतं, त्यांना नमस्कार. पण नाना निवृत्त झाला, जुने एकेक करून दुसरीकडे गेले, आणि त्या मार्गावर एक नवा कंडक्टर आला. त्याने एक शब्द रूढ केला : फुकटे. "थांब्याव कोन हाय?" ड्रायव्हर विचारायचा. हा पुढच्या काचेतून बघून म्हणायचा, "कोन न्हाई, फुकटे हायत." आणि गाडी पुढे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आजीशी त्याची पहिली गाठ घाटातच पडली.

"आजी, परवा गेलीसा की खाली. आज काय काम काढलं?"

"डोंगराकडं काम हाय."

"डोंगर काय पळून चाललाय व्हय? फुकट हाय म्हणून नुसतं हिंडायचं."

आजीने पिशवी मांडीवर घेतली, नीट वळली. "फुकट न्हाई रं लेकरा. म्हातारपण मोजलंय म्या तिकिटाला. तुला जमलं तर तूबी मोज की. लवकर मोज, म्हंजे लवकर माफ हुईल."

गाडी हसली. कंडक्टर हसला नाही, आणि तो विसरलाही नाही.

पुढच्याच वळणावर त्याने बेल मारून गाडी थांबवली. तिथे पावसाळ्यात एक धबधबा रस्त्यापर्यंत येतो. पुण्याची चार पोरं-पोरी बसली होती, त्यांना फोटो काढायचे होते. कंडक्टर स्वतः खाली उतरून त्यांचा फोटो काढून देत होता. निसरडं आहे, सांभाळून, म्हणत होता. आजी खिडकीतून बघत राहिली. तो परत चढल्यावर तिने विचारलं, "त्या पाण्यानं हात केलता का रं?"

त्याला कळलं नाही. मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल, तर लाज वाटायला सुरुवात करा.

त्या पोरींपैकी एकीने तिला म्हटलं होतं, "आजी, प्लीज जरा सरकता का? व्ह्यू घ्यायचाय." आजी सरकली नाही. "घे की," म्हणाली. "डोळ्यानं घे. माजं निम्मं गेल्यात तरी घेती हाय, तुजं तर शाबूत हायत." पोरगी मोबाइल धरून दुसऱ्या खिडकीत गेली. तिकडच्या बाजूला नुसती कापलेली दरड होती. तिने तिचाही व्हिडिओ काढला. निसर्गरम्य कोयना खोरं, म्हणे! या खोऱ्यात सगळं रम्य आहे. इथे राहणाऱ्यांनी मधे येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

मी त्या सुमारास कराडला कॉलेज संपवून परत आले होते. आम्ही पाच-सहा जण प्रवाशांच्या प्रश्नांवर पत्रकं काढायचो, स्टँडवर वाटायचो. आजी मला नावाने कधी हाक मारत नसे. "ये पत्रक," म्हणायची, "आज कुणाला झोडपलंस?" छापायला द्यायच्या आधी मजकूर तिला वाचून दाखवायचा असा शिरस्ताच पडला. पहिलंच पत्रक वाचत होते : बंद केलेली सकाळची फेरी पुन्हा सुरू करावी, ही आगार व्यवस्थापनास नम्र विनंती.

"थांब," ती म्हणाली. "नम्र कोण गं?"

"आम्ही."

"तू? तुज्या बापानंबी तुला नम्र बघितली न्हाई. खोटं कशाला छापतीस? आन् इनंती कशापायी? फेरी आपली, रस्ता आपला, बंद त्यांनी केली. 'पायजे' लिव. 'फेरी पायजे.' बास."

मी लिहिलं. तेव्हापासून आमच्या पत्रकांची भाषा उद्धट आहे अशी तक्रार सभ्य लोक करतात. ती भाषा माझी नाही, खांबआजीची आहे. मी फक्त 'पायजे'चं 'पाहिजे' करते, आणि तेवढ्यावरही ती म्हणायची, "शिकल्याली मानसं ह लावून जोर कमी करत्यात."

आता त्या सोमवारचं.

रविवारी रात्रीपासूनच तिचा उजवा डोळा, म्हणजे चांगला डोळा, दुखायला लागला होता. आधीही ती सांगायची, "कडंनं कुणीतरी दार लोटत आणल्यागत वाटतंय. मधल्या फटीतनं बघती." पण हे तसलं दुखणं नव्हतं. डोळा लालबुंद झालेला, डोकं फुटायला आलेलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती, दोनदा ओकारी झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं : असं झालं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, निघून यायचं. तिच्या ठाण्याच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला कॅब करा. घाटमाथ्यावर कॅब! त्याला सांगायला हवं होतं की इथे कॅब झाडाला लागते, पण या वर्षी मोहर गळला. डोळा दुखतोय म्हटल्यावर दवाखान्याची तातडीची गाडी पाठवायला कुणी तयार होईना. एरवी फाट्यावरून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीप सुटतात, पण श्रावणी सोमवार असल्याने साऱ्या जीप भल्या सकाळीच देवाला गेलेल्या. राहिली मिरजेची गाडी.

आजी पुढे गेली. मी तिची पिशवी आणि थेंबांची बाटली घेऊन मागून पाणंदीने, शेतांमधल्या अरुंद वाटेने, उतरत होते. पाणंद शेवटच्या वळणावर रस्त्याच्या बरीच वर आहे, तिथून फाटा स्वच्छ दिसतो. पाऊस उघडला होता. ती खांबाच्या जागेवर उभी होती, एका हाताने डोळा दाबून. घाटाकडून गाडीचा आवाज आला. गाडी दिसली. वेग कमी झाला नाही.

आणि खांबआजीने हात वर केला.

मी धावायची थांबले. खरं सांगते, गाडीपेक्षा मी त्या हाताकडेच बघत राहिले. तो आधी खांद्याएवढा वर आला, मग पुरता वर गेला आणि हलायला लागला. सवय नसलेला हात होता. लहान मूल पहिल्यांदा टाटा करतं तसा, मनगटातून, वाकडातिकडा. छत्री खाली पडली. ती एक पाऊल रस्त्यावर आली. गाडीने जरा उजवी बाजू घेतली, तिला वळसा घातला, चिखलाचं पाणी तिच्या लुगड्यावर उडालं, आणि गाडी गेली. खिडक्यांतली डोकी तिच्याकडे वळली आणि वळलेलीच मागे गेली. एकाही तोंडातून आवाज आला नाही. आपल्याकडे गाडीत कुणी शेंगांची टरफलं टाकली तर आख्खी गाडी न्यायाधीश होते. त्या दिवशी आख्खी गाडी निसर्ग बघत होती.

मी खाली पोचले तेव्हा हात खाली आलेला होता. ती छत्री उचलत होती. "गेली," एवढंच म्हणाली.

दुपारची फेरी आलीच नाही. संध्याकाळी दुधाच्या टेंपोतून पाटण गाठलं. तिथल्या दवाखान्यात थेंब घातले, गोळी दिली आणि मिरजेलाच न्या म्हणून सांगितलं. मंगळवारी मिरजेत पोचलो. डॉक्टरांनी डोळा तपासला, खुर्ची मागे घेतली आणि मला म्हणाले, "काल आणायला हवं होतं." आजीने ते ऐकलं. ती त्यांना म्हणाली, "काल धुकं न्हवतं डॉक्टर. लय सोच्छ व्हतं." दार पुरतं लोटलं गेलं होतं.

आम्ही तक्रार केली. तक्रार केल्यावर आगारातल्या साहेबांनी चौकशी लावली. साहेब वाईट बोलले नाहीत. वाईट बोलणारा साहेब परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. हे साहेब गोड होते. आजीला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. मग म्हणाले, "हे बघा, तो विनंती थांबा आहे. प्रवाशाने हात केला नाही तर चालकाचा दोष नाही. आणि आजी कधीच हात करत नाहीत, हे तर सगळ्या मार्गाला ठाऊक आहे. काय हो?" बाजूला तोच 'फुकटे'वाला कंडक्टर उभा होता, त्या सोमवारी गाडीवर तोच होता. त्याने मान हलवली. या बाबतीत तो पहिल्यांदाच आजीच्या बाण्याचं कौतुक करत होता.

मी म्हटलं, "मी बघितलंय. हात केला होता."

"ताई, तुम्ही पत्रकवाल्या," साहेब हसून म्हणाले. "तक्रार तुमची आणि साक्षही तुमचीच? आजींनाच विचारू. आजी, तुम्ही गाडीला हात केला होता का?"

सगळं त्या एका उत्तरावर होतं. ती हो म्हणाली असती तर कंडक्टर अडकला असता, आणि 'फुकटे' हा शब्द त्या मार्गावरून उठला असता. आजीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. ताठ बसली.

"न्हाई," म्हणाली. "म्या हात केला न्हाई. म्या कवा करत न्हाई."

प्रकरण मिटलं. साहेबांनी आम्हाला चहा पाजला. तो मी प्यायले नाही, आजी प्यायली.

बाहेर पायऱ्यांवर मी तिच्यावर ओरडले. आंधळ्या म्हातारीवर भर स्टँडवर ओरडले, लोक बघत होते. "आजी, खोटं का बोललीस? म्या बघितलं न्हवं वरनं!"

तिने चाचपून माझा दंड धरला. "वरड नगंस," म्हणाली. "हात केला आन् तरी थांबली न्हाई, आसं सांगू व्हय त्यांच्याम्होरं? त्यापरास न्हाई केला म्हणून थांबली न्हाई, हे बरं. डोळा गेला तर गेला. आता ह्यबी घालवू?"

'ह्य' म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. 

दिवाळीनंतर तिला एकदा घाटात नेलं. मीच हात केला, ती माझ्या मागे पाठ करून उभी राहिली. दरीकडची खिडकी मिळाली. वळण आल्यावर तिला गाडीच्या कलण्यावरून कळलं. "काय दिसतंय?" तिने विचारलं. खोरं धुक्याने भरलेलं होतं, काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, "लय लांबपत्तुर दिसतंय आजी, सगळं निळं."

"खोटारडी," ती म्हणाली. "नाकाला गार लागतंय, धुकं हाय. पत्रकात खरं लिवतीस आन् मला बनवतीस?" मग गजावर कपाळ टेकवून म्हणाली, "पर बरं बनवलंस."

पौषात ती गेली. तापाने गेली, डोळ्याने नाही, असं वाडीत सगळे मुद्दाम सांगतात. कुणाला दोष नको असतो.

आणि आता आगारातून फलक लागला आहे : आमच्या फाट्यावर प्रवाशांकडून विनंती येत नसल्याने तो थांबा रद्द करण्याचं चाललं आहे. हरकत असेल तर येत्या सोमवारी सकाळी स्टँडवरच्या कचेरीत सांगावी. हरकत आहे. फाट्यावर अजून सात-आठ म्हातारी माणसं उभी असतात, कॉलेजच्या मुली उभ्या असतात, आणि त्या सगळ्या हात करतात, तरी गाडी जाते. पण कुणी हात केला आणि गाडी थांबली नाही, असं कागदावर एकदाही आलेलं नाही. ज्या एका वेळी येऊ शकलं असतं, त्या वेळी खांबआजी खोटं बोलली. मी हे छापते आहे म्हणून ती जिथे असेल तिथून मला शिव्या देत असेल. देऊ दे. तिने जी लाज पदरात झाकली ती तिची नव्हतीच. हात करणाऱ्याला कसली लाज? ती लाज खिडक्यांतल्या लोकांची होती, आणि तिने ती फुकट वाहिली.

म्हणून त्या गाडीत बसलेल्यांनो, तुम्हाला सांगते. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. चिपळूणहून कराडला बाजाराला निघालेले होता, सांगलीला लेकीकडे चाललेले होता, मिरजेला स्वतःच्याच दुखण्यासाठी चाललेले होता. तुम्ही एक म्हातारी बघितली, तिचा हात बघितला, आणि मान वळवून बघत बघत पुढे गेलात. येत्या सोमवारी कामावर दांडी मारा. स्टँडवर या, कचेरीची पायरी चढा, त्या गोड साहेबांच्या टेबलासमोर उभे राहा, आणि आपलं नाव-गाव सांगून मोठ्याने म्हणा : मी त्या गाडीत होतो, बाईने हात केला होता, गाडी थांबली नाही, आणि मी तोंड उघडलं नाही.